कंबरमोडीचा काढा

३ नोव्हें.
एम.फार्म.चा विषय अखेर पक्का. कंबरमोडीच्या पाल्याने पोटातला अल्सर टळतो का. गावी, पिंपळगाव राजाला, जडीबुटीवाले सलीमचाचा पोटात आग पडणाऱ्यांना हाच पाला देतात, त्यांच्या वडलांपासून. आज पोतंभर दिला. म्हणाले, "खोटं निघालं तं सांगजो बेटा. मी देणं बंद करीन."

२८ नोव्हें.
पहिला प्रयोग. उंदरांना आठवडाभर अर्क, मग अल्सर व्हावा म्हणून अल्कोहोल. आज पोटं उघडली. अर्क दिलेल्यांनाही तेवढेच लाल चट्टे. काही म्हणजे काही फरक नाही. एवढे जीव घेतले आणि...
जेवणाचा डबा तसाच परत आणला.

२९ नोव्हें.
चाचांना फोन केला. सांगणं भाग होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, "अर्क कसा काढला?"
स्पिरिटमध्ये भिजवून, म्हटलं.
"स्पिरिटमंदी काऊन? आमी तं पाण्यात उकयतो."
मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं! पुस्तकात होतं तसं केलं.

१ डिसें.
प्रकल्पाचे गाइड सर भडकतील वाटलं होतं. चष्मा पुसत बसले. "परवानगी मिळालेल्यांतले उंदीर उरलेत ना? मग पुन्हा करा. आधी त्यांच्याकडून काढा शिकून या."

७ डिसें.
चाचांच्या अंगणात चूल. मंद आच, चार वाट्या पाण्याची एक वाटी. सगळं वहीत उतरवलं, पाला मोजून घेतला. चाची हसत होत्या, "कॉलेजात काढा नाही शिकवत काय वो?"

२२ डिसें.
काढा दिलेल्यांना चट्टे फारच कमी!! दोघांच्या पोटात एकही नाही. तुलनेसाठी अल्सरची नेहमीची गोळी दिलेल्या गटाच्या जवळपास. सरांनी भिंगातून दोनदा पाहिलं, मी तीनदा. मी बाहेर येऊन पायरीवर बसले, रडूच आलं. मग कडकडून भूक. दोन प्लेट पोहे.

२३ डिसें.
सकाळीच चाचांना फोन केला. चाचा नुसते "या अल्ला, या अल्ला" करत राहिले. मग, "म्हंजे मी लोकायले देऊ न आता?"
म्हटलं, चाचा, उंदरांचं कळलं. माणसांचं अजून नाही. रक्ताची उलटी झाली तर दवाखानाच.
"हाव, त्यायले तं मी दवाखान्यातच धाडतो. पण मंग माणसाचं कधी कयते?"
म्हटलं, सोमवारी सरांना विचारते.