रे वर संपणारी धून

३ फेब्रुवारी
हिला जाऊन तीन महिने झाले. मी ठीक आहे.
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आईचा पियानो नुसता पडून आहे, मी घेऊन जाते. म्हटलं, पडून कुठे, मी शिकतोय. बोलून गेलो खरा. ती म्हणाली, असं का? मग महिनाअखेरीस येते, आईची संध्याकाळची धून वाजवून दाखवा. जमली तर पियानो तुमचा.
मान्य केलं. पाणीपुरवठा खात्यात अख्ख्या शहराचे नळ सांभाळले, सात स्वरांचं काय एवढं?

४ फेब्रुवारी, सकाळी
प्लॅन: पहिला आठवडा स्केल. दुसरा मोड, हिच्या वहीत स्केलनंतरचा धडा तोच आहे. तिसरा धून. चौथा राखीव.

५ फेब्रुवारी
पाठ दुखली. स्टूल हिच्या उंचीला लावलेलं आहे. स्क्रू फिरवला की खाली येतं. फिरवला नाही.

८ फेब्रुवारी
पांढऱ्या पट्ट्यांवर सा ते सा जमलं. धूनसुद्धा एका बोटानं सापडली. पण शेवटी गडबड आहे. रे वर येऊन थांबते, सा पर्यंत पोचतच नाही. ही इतकी वर्षं अर्धवट वाजवत होती की काय? मी एक सा जोडून दिला. आता व्यवस्थित.

११ फेब्रुवारी
शिकवणी लावली. हिचीच जुनी विद्यार्थिनी. वयानं मुलीएवढी, पण शिस्त हवी म्हणून मी टीचर म्हणतो. धून ऐकून टीचर म्हणाल्या, काका, हा शेवटचा सा कुठून आणलात? म्हटलं, दुरुस्ती केली. म्हणाल्या, पण बिघडलंय कुठे? या धुनेचं घर सा नाहीच, रे आहे.
त्यांनी खालचा रे धरून ठेवला आणि मला रे ते रे वाजवायला लावलं. पट्ट्या त्याच. पण खोलीत एकदम दिवस कलल्यासारखं झालं. म्हटलं, म्हणजे पाइपलाइन तीच, टाकी वेगळी. टीचर म्हणाल्या, हो काका, अगदी. आणि हसल्या.
सा काढून टाकला. धून पूर्णच होती तर.

१५ फेब्रुवारी
स्केल एकच. सातांपैकी कुठलाही स्वर घर मानता येतो. म्हणून मोड सात. डोरियन, फ्रिजियन, लिडियन. नावं हिच्या गोळ्यांसारखी आहेत. पटकन पाठ झाली. सवय होती.

१९ फेब्रुवारी
धून उत्तम. फक्त शेवटचा रे राहतो. टीचर म्हणाल्या, काका, तो तर सगळ्यांत सोपा. सांगितलं, ती पट्टी अडकते. त्यांनी दाबून पाहिली. त्यांना वाजली.

२३ फेब्रुवारी
ट्यूनरला बोलावलं. सगळं उघडून पाहिलं त्यानं. म्हणाला, साहेब, पियानोला काही झालेलं नाही. मग कुणाला झालंय, हे विचारलं नाही. सभ्य माणूस.

२५ फेब्रुवारी
मनगटच असणार. बँडेज बांधलं.

२८ फेब्रुवारी
मुलगी आली. आधी सातही मोड वाजवून, समजावून दिले. ती म्हणाली, कळलं हो बाबा, आता आईची धून.
चांगली चालली होती. शेवटी बोट रे वर ठेवलं. तो स्वर झाला की ही झाकण लावायची आणि म्हणायची, चला, पानं घेते.
मुलगी हळूच म्हणाली, बाबा, एकच राहिलाय. म्हटलं, बँडेज आडवं येतंय. तिनं मागून हात घातला आणि रे दाबला. बराच वेळ घुमला. मग थांबला.
झाकणही तिनंच लावलं.

१ मार्च
मीच टेम्पो बोलावला. मुलगी म्हणाली, बाबा, अहो, मी गंमत करत होते, राहू दे ना इथेच. म्हटलं, ने. थिअरी समजली, आता वाद्य लागत नाही. टेम्पोवाला घाई करत होता.

४ मार्च
टीचर आल्या. पियानो गेल्याचं त्यांना कळवायचं राहिलं होतं. पण शिकवणी बुडवली नाही. जेवणाच्या टेबलावर बोटं ठेवून धून वाजवली, अगदी शेवटपर्यंत. टीचर डोळे पुसत होत्या.
चुका बऱ्याच झाल्या असाव्यात.