मध्यंतराआधी मेलेली आई

प्रिय भिंगरी,

तू मला मध्यंतराच्या बरोब्बर दहा मिनिटं आधी मारलंस. घड्याळ बघितलं मी. शेजारी पोस्टमास्तरीणबाई माझा हात घट्ट धरून मुसमुसत होत्या. तुझ्या सिनेमात माझं काम करणाऱ्या त्या वाळक्या नटीने पडद्यावर डोळे मिटले आणि बाईंच्या लक्षात आलं, की आपण जिच्यासाठी रडतोय ती इथेच बसून गोळी चघळतेय. हात असा झटकला त्यांनी, जसा काही विजेच्या तारेला लागला होता. दिवे लागल्यावर तर चार ओळखीच्या बायका अशा तोंडाने आल्या, की मलाच त्यांचं सांत्वन करावं लागलं. बाबा मात्र खूश. सिनेमातल्या बाबाला चांगली दाट दाढी दिलीस ना, तेव्हापासून स्वारी हवेत आहे.

सिनेमा मला आवडला गं. रडलेही, पण नटी मेली तिथे नाही. नंतर ती मुलगी आईच्या कपाटात तोंड खुपसून, तिच्या साड्यांचा वास घेत उभी राहते ना, तिथे. तू तसं करायचीस हे मला आत्याने कधी सांगितलं नाही. मी परत आल्यावर विचारलं तेव्हा म्हणाली, पोर अगदी मजेत होती.

मागे तू राहायला आली होतीस तेव्हाचं आठवतं? मी कापायच्या टेबलावर एका कोटाचा नमुना काढत होते. उरलेल्या खाकी कागदावर माझाच खडू घेऊन तू एक लांब रेघ ओढलीस आणि तिच्यावर खुणा केल्यास. मुलीला इथे काहीतरी हवंसं वाटतं, इथे मैत्रीण भेटते, इथे पहिलं खोटं बोलते, इथे आभाळ कोसळतं, मग सगळ्यांशी भांडण, मग एकटीने केलेलं एक धाडस, आणि झाली मोठी. मोठं होण्याचा कुठलाही सिनेमा ह्याच रेघेवरून जातो म्हणालीस. मी म्हटलं, म्हणजे शर्टासारखंच की, पुढा, पाठ, दोन बाह्या आणि कॉलर. तू फुगून बसलीस. अगं, तो टोमणा नव्हता. मी जन्मभर तेच पाच तुकडे बेतत आले आणि कुठलेही दोन शर्ट अंगावर सारखे बसलेले मी पाहिले नाहीत. तुझाही छान बसलाय. तळं पोहून ती पलीकडे जाते आणि ओल्या केसांनी मागे वळून बघते, कुठे चुणी म्हणून नाही.

पण त्या रेघेवर जिथे आभाळ कोसळतं, तिथे खरं तर कोणी मेलं नव्हतं. मी घर सोडून गेले होते. तू पेपरातल्या मुलाखतीत सांगितलंस, की सोडून गेलेल्या आईला प्रेक्षक माफ करत नाहीत, मेलेल्या आईला करतात, म्हणून गोष्ट बदलली. ते कात्रण मी चारदा वाचलं. प्रेक्षकांशी मला काय करायचंय? तू मला माफ केलंस की नाही, हेच पंधरा दिवस माझं डोकं खातंय.

तू सात वर्षांची होतीस. बाबा गोदामात पाठीवर पडले आणि आठ महिने पलंगाला खिळले. मला त्या लांबच्या शहरात कोटांच्या कारखान्यात काम मिळालं, वर्षभराच्या बोलीवर. आत्या घरी राहायला आली. गाडी सकाळी होती तशी संध्याकाळीही होती. मी सकाळची धरली, कारण तेव्हा तू शाळेत असायचीस. तुझ्यादेखत निघायची हिंमत नव्हती माझ्यात. दर रविवारी खालच्या औषधवाल्याच्या दुकानात फोन करायचे. पहिल्या वर्षी तू आत्याच्या हातातून रिसीव्हर ओढून घ्यायचीस. पडलेला दात, तळ्यातलं शेवाळ, मास्तरांच्या नाकातले केस, सगळं एका दमात. दुसऱ्या वर्षी आत्या म्हणायला लागली, खेळायला गेलीय. मला फोनमधून तुझा आवाज ऐकू यायचा. तू दुकानातच असायचीस.

आणि परत आले त्या दिवशी दार तूच उघडलंस. माझे केस कापलेले, अंगावर मी स्वतः बेतलेला करडा कोट. तू नीट बघितलंस आणि आत वळून आत्याला सांगितलंस, कोणीतरी बाई आलीय. आम्ही हे पाहुण्यांना हसत हसत सांगत आलो. तू एकदाही हसली नाहीस, हे मला थिएटरात बसल्यावर आठवलं.

आता जे लिहिते ते बाबांना ठाऊक नाही, आत्याला तर नाहीच. पहिलं वर्ष गरजेचं होतं. दुसरं मी आपखुशीने घेतलं. बाबा तोवर हिंडूफिरू लागले होते, कामावर रुजू झाले होते. मालकांनी थांबवलं, सुटका नाही, असं मी घरी कळवलं. साफ खोटं. मालकांनी नुसतं विचारलं होतं आणि मी त्यांचं वाक्य संपायच्या आत हो म्हटलं. तिथे मला खिडकीजवळ स्वतःचं टेबल होतं, खोलीची किल्ली माझ्या एकटीच्या खिशात होती, आणि कात्री धरलेली बारा माणसं मला मास्तर म्हणायची. तुझ्या आठवणीने रडायचे आणि तरी मी सुखात होते, दोन्ही एकाच दिवशी. एकतीस वर्षांची होऊन मी तिथे मोठी झाले, पोरी, आणि त्याचं मोल तुझ्याकडून वसूल झालं. सगळ्यांनी मला त्यागमूर्ती केलं, मीही ते मिरवून घेतलं. तू मात्र आठव्या वर्षीच ओळखलंस, की आई येऊ शकते आणि येत नाहीये. तुझं बरोबर होतं. मी चुकले. हे तुला सांगायला एकवीस वर्षं लागली. मेलेल्या आईवर रागावता येत नाही, म्हणून मला मेलेलीच धरून तू इतकी वर्षं माझ्याशी अशी सांभाळून, गोड बोलत आलीस. पण मी आहे, चांगली खणखणीत आहे. ये, समोर बस आणि काय रागवायचं ते मला रागव.

तुझीच, सोडून गेलेली
आई