व्हॉल्व्हचे तीस वॅट

६ नोव्हेंबर १९७७, रविवार
आजपासून वही. रज्जाकशी वाद झाला. तोंडी वादात तो नेहमी जिंकतो, म्हणून यापुढे सगळं लेखी.
रज्जाकने शिळफाट्याच्या दुकानात नवा ट्रान्झिस्टर अँप आणलाय. शंभर वॅट. एका हाताने उचलून दाखवला. मी विचारलं, आत काही भरलंय की नुसताच डबा? माझा व्हॉल्व्हचा अँप तीस वॅटचा, पण उचलायला दोन माणसं लागतात. अर्धं मिनिट तापतो आणि मग बँजोचं पहिलं बटण दाबलं की माणसं पंगतीतून उठून येतात. सोळा वर्षं आमची बँजो पार्टी त्याच्यावर वाजते आहे. भोंगा माझ्या डाव्या कानाशी, मी मधे, पार्टी मागे. कर्जत ते खालापूर, एक हळद चुकवली नाही.
रज्जाक म्हणाला, "सहदेवभाऊ, शंभर म्हणजे तीसच्या तिप्पट." मी म्हटलं, वॅट दुप्पट केले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जरासाच वाढतो. शिवाय व्हॉल्व्हचा आवाज फुटला तरी गोड फुटतो. ट्रान्झिस्टर फुटला की पत्रा फाटल्यासारखा वाजतो. हे त्यालाही ठाऊक आहे. आम्ही दोघे एकाच उस्तादाकडे रेडिओ रिपेअरिंग शिकलो.
ठराव : शास्त्रीय मोजणी करायची. दहिवलीचं आमचं शेत भात काढून मोकळं झालंय.

१३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०
मोजणी झाली. एकच भोंगा, एकच बँजो. पदू एकच बटण छेडत बसला. (पदू म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ, पार्टीत ताशा वाजवतो. असा ताशा खालापूर तालुक्यात दुसरा नाही.) आवाज येईनासा होईपर्यंत चालत जायचं आणि पावलं मोजायची.
माझी मोजणी : व्हॉल्व्ह ४१०. ट्रान्झिस्टर ३६५.
रज्जाकची : व्हॉल्व्ह ५४०. ट्रान्झिस्टर ६१०.
रज्जाकची पावलं लहान आहेत. ठेंगणा माणूस.

१४ नोव्हेंबर
काल शेवटी पदूही चालून आला. त्याची पावलं माझ्यापेक्षा मोठी आहेत आणि ट्रान्झिस्टरचे तोही सहाशेच सांगतो. पदूला फितवलं असावं.

२२ जानेवारी १९७८, रविवार
लोधिवलीला हळद. नवरीचे वडील दोनदा येऊन काहीतरी सांगून गेले. आवाज वाढवा म्हणत असतील म्हणून वाढवला. तिसऱ्यांदा आले ते हात जोडून. लोक एवढे खूश होतात, याला व्हॉल्व्ह म्हणतात.

३० जानेवारी
अँपमध्ये शिट्टी येते आहे. बारीक, रातकिड्यासारखी. दोन कंडेन्सर बदलले. फरक नाही.

२ फेब्रुवारी
आज कमाल झाली. वायर भिंतीतून काढलेली, व्हॉल्व्ह थंड, तरी शिट्टी चालू. कंडेन्सरमध्ये चार्ज शिल्लक राहत असणार.

३ फेब्रुवारी
अँप पडवीत ठेवला, मी शेताच्या टोकाला गेलो. शिट्टी तिथेही. म्हणजे शंभर-दीडशे पावलांवर नुसता चार्ज ऐकू येतो! व्हॉल्व्हची ताकद. हे रज्जाकला सांगायचं नाही, आत्ताच नाही. आधी पुरावा गोळा करू.

१९ मार्च, रविवार
दुसरी मोजणी. व्हॉल्व्ह २६०. ट्रान्झिस्टर १४०.
आकडे दोन्हींचे उतरले. कारण हवा. मार्चमध्ये हवा जड होते आणि आवाज अडतो. पण महत्त्वाचा मुद्दा : ट्रान्झिस्टर जास्त उतरला. आमचाच विजय. रज्जाकच्या अँपमध्ये बँजोची वरची पट्टी येतच नाही, हेही आज लक्षात आलं. बटण दाबल्याचं दिसतं, सूर नाही. रज्जाकला सांगितलं, तर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "भाऊ, वरच्या पट्टीनेच आमचे दात आंबले." हरल्यावर माणूस काहीही बोलतो.

११ एप्रिल
शेजारच्या धोंडूबाईला विचारलं, कोंबडा विकलात का? बरेच दिवस आरवलेला नाही. ती पदर तोंडाला लावून हसत आत गेली. सोमी (आमची ही) हसली नाही. परसातून काहीतरी म्हणाली. ही हल्ली फार पुटपुटते. पूर्वी बरी बोलायची. वयाने होत असेल.
ठराव : तिला चिडवायचं नाही. सांभाळून घ्यायचं.

७ मे, रविवार
शिळफाट्यावर रस्ता ओलांडताना ट्रक अंगावर आला. हॉर्न नाही, काही नाही. रज्जाकने सदरा धरून मागे ओढला, सदरा फाटला. ड्रायव्हर खाली उतरून हातवारे करत होता. मीही चार शब्द सुनावले : हॉर्न काय शोभेला लावलाय? लोक गोळा झाले. रज्जाक मला हाताला धरून दुकानात घेऊन गेला. त्याची बायको बिलकिस चहा घेऊन आली. ती माझ्या अगदी समोर बसून सावकाश म्हणाली, "भावजी, पनवेलला कानाचे डॉक्टर हायत. यांच्याबरोबर जाऊन या."
बाई चांगली आहे, पण तिला विषय कळलेला नाही. मला अँप तपासायचेत, कान नाही.
रज्जाक एवढंच म्हणाला की हॉर्न बाजारभर ऐकू आला. रज्जाकला प्रत्येक गोष्ट मोठी करून सांगायची सवय आहे. शंभर वॅटसुद्धा त्यातलेच.

२५ जून
पाऊस. मोजणी बंद. कौलांवर यंदा आवाज नाही, रिमझिमच असावी. बाहेर गेलो तर गुडघाभर पाणी.

१२ नोव्हेंबर, रविवार
तिसरी मोजणी. व्हॉल्व्ह ११८. ट्रान्झिस्टर ४०.
पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मर ओल धरतो. नवीन व्हॉल्व्ह मागवले.

३ डिसेंबर, रविवार
नवीन व्हॉल्व्ह बसवले. ९६. बाजारात माल भेसळीचा येतोय. रज्जाक आता मोजणीला येत नाही. म्हणाला, "तू जिंकलास. माझा अँप घे आणि वाजव, फुकट घे. पण डोक्याशी भोंगा बांधून बसू नको." घाबरला.

१४ जानेवारी १९७९, रविवार
चौक गावाला हळद. पार्टीतले दोघे मधेच उठून गेले. मी बँजो वाजवत होतो, ते थांबलेले मला दिसलेच नाहीत. पदू ताशा गळ्यात घेऊन समोर येऊन उभा राहिला आणि हाताने खूण केली, तेव्हा कळलं की गाणं कधीच संपलंय. मी एकटाच वाजवत होतो. नवरदेवाच्या मामाने टाळ्या वाजवल्या.
परत येताना टेंपोत पदू बराच वेळ बोलत होता. रस्ता खराब, इंजिन मोठं. मी मान हलवत राहिलो. शेवटी त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पोरगा प्रेमळ आहे.

२५ मार्च, रविवार
घड्याळाची टिकटिक बंद, पण काटे फिरतात. असं घड्याळ पहिल्यांदाच बघतोय. उघडून साफ केलं. टिकटिक नाही. काटे बरोबर.
कर्जतची इंजिनंही शिट्टी देत नाहीत हल्ली. ड्रायव्हर लोक आळशी झालेत.
आज दिवसभर जीव कशात लागत नाही. शिट्टी मात्र आहे. झोपेतही असते.

२२ एप्रिल, रविवार
आज लिहिणार नव्हतो.
सकाळी अँप बंद पडला. पुढच्या रविवारी लोधिवलीची मोठी हळद, म्हणून पदू आला होता. अँप ओटीवर उघडून ठेवला. पदूला सोल्डरिंग चांगलं जमतं, त्याने आत हात घातला. मी भिंतीकडे, खटक्यापाशी. माझी पाठ त्याच्याकडे.
मला 'लाव' ऐकू आलं. मी खटका लावला.
आत चारशे व्होल्ट असतात. पदू ओटीवरून खाली अंगणात फेकला गेला. उजव्या हाताची तीन बोटं काळी झाली. सोमी धावत आली आणि तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पदू शुद्धीवर होता. ओठ हलत होते. काय म्हणत होता कळलं नाही.
रज्जाकच्या टेंपोतून दवाखान्यात नेलं. जीव वाचला. दोन बोटं बहुतेक जातील.

२३ एप्रिल
नीट विचार केला. पदूने स्पष्ट सांगायला हवं होतं. कामाच्या ठिकाणी माणसाने शब्द पुरता उच्चारावा. मी खटक्यापाशी उभा आहे हे त्याला दिसत होतं. शिवाय अँपची वायर आधी भिंतीतून काढायची असते, हे मी त्याला शिकवलेलं आहे. पाच-सहा वेळा तरी शिकवलंय.

२४ एप्रिल
वायर काढायचं काम माझं होतं.

२६ एप्रिल
सोमी तीन दिवस बोलली नाही. म्हणजे बोलली असेल. आज ती माझ्यासमोर बसली, माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे फिरवलं आणि एकेक शब्द मोठ्याने म्हणाली. ओठांवरून आणि थोडं कानांवरून मिळून कळलं :
"त्यो 'लावू नको रं भावजी' म्हनला. तीनदा म्हनला. मी हिरीवर पानी शेंदत व्हते. मला हिरीवरनं आयकू आलं."
मी म्हटलं, वारा त्या बाजूला असेल.
तिने हनुवटी सोडली. रडली नाही. पदर खोचून चुलीकडे गेली.

२६ एप्रिल, दुपारी
विहीर ते ओटी : अडुसष्ट पावलं. दोनदा मोजली. मधे गोठा आहे.
मी पदूपासून चार पावलांवर होतो. ती नाही मोजली. मोजायची काय.

२९ एप्रिल, रविवार
लोधिवलीच्या हळदीला दुसरी पार्टी गेली. आमचा निरोप रज्जाकने दिला.
मी दवाखान्यात गेलो. पदूच्या हाताला मोठं बँडेज. मी खूप बोललो : व्हॉल्व्ह, चार्ज, ओल, भेसळ. तो ऐकत होता. मग त्याने डाव्या हाताने माझ्या कानाला हात लावला. नुसता लावला. खोलीत आणखी सहा खाटा होत्या, सगळे माझ्याकडे बघत होते. मी फार मोठ्याने बोलत असणार.
विचारलं, ताशा? त्याने डावा हात हलवून दाखवला, डाव्याने शिकेन म्हणून. मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो.

६ मे, रविवार
रज्जाक आला, ट्रान्झिस्टर घेऊन. मीच बोलावलं होतं. सांगितलं, शेवटची मोजणी, आणि यावेळी खोटं चालायचं नाही, माझंसुद्धा. पदूही आला, हात गळ्यात बांधलेला. सोमी ओटीच्या खांबाला टेकून उभी राहिली.
भोंगा अंगणात ठेवला. मी शेतात गेलो नाही. भोंग्यापासून दहा पावलांवर पाट मांडून बसलो, तोंड भोंग्याकडे. बँजो रज्जाकच्या मांडीवर. मी खूण केली की वाजव, आणि अँपचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरव.
मी वाट बघत होतो. रज्जाक अजून वायर जुळवतोय असं वाटलं. डोक्यात शिट्टी चालू होती, बाकी सगळं शांत. मग सोमीने दोन्ही कानांवर हात ठेवले. धोंडूबाईची म्हैस दाव्याला हिसके देऊ लागली. पदूला एकच हात मोकळा होता, त्याने एकच कान झाकला. रज्जाकची बोटं बटणांवर भराभर पळत होती आणि तो बँजोकडे न बघता माझ्याकडे बघत होता.
मी विचारलं, "लावलाय का?"
कोणीच हसलं नाही.