घरची रीत

बुसैतीन, बहरीन
१२ सप्टेंबर १९८६

ती. स्व. दादास,
मेधाचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. सीटबेल्ट सक्तीचा झाला, ड्रग्जसाठी ऑफिसात लघवी तपासणार, म्हणून तुझ्या अमेरिकेतलं स्वातंत्र्य बुडालं! वाचून खूप दिवसांनी हसले. ओठ फुटलाय, तरी हसले.

ओठ ह्यांनी फोडला. नेहमीचंच आहे, आजवर लिहिलं नव्हतं. माझा व्हिसा ह्यांच्या नावावर आणि पासपोर्ट ह्यांच्या ऑफिसच्या कपाटात. कुठे जाणार?

एवढं कर. ह्यांना लिही की वहिनीचं ऑपरेशन आहे, मेधाला तीन महिने पाठवा. नातेवाइकांत चांगलं दिसावं म्हणून हे पाठवतील. पासपोर्ट एकदा हाती आला की मी परत येणार नाही. मला मात्र ग्लॅडिसच्या पत्त्यावर लिही. ती शेजारीण, वसईची, हॉस्पिटलात नर्स आहे. आमचं सगळं टपाल ह्यांच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्समध्ये येतं, हे विसरू नकोस.

दादा, मला भीती वाटते. वहिनीला नमस्कार, मुलांना पापा.

तुझी,
मेधा

———

न्यू जर्सी
२ ऑक्टोबर १९८६

चि. सौ. मेधास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू हसलीस, पण विषय हसण्याचा नाही. मी अडुसष्टला आलो तेव्हा जुन्या गाडीतून अख्खा देश पालथा घातला, कोणी नाव विचारलं नाही. आज पावलोपावली फॉर्म. माणसाचं खाजगी म्हणून काही उरलं नाही. तिथून निघून इथे येण्यात तुला काय मोठं मिळणार आहे?

ऑपरेशनची थाप मला जमणार नाही. इथे राहून उघड बोलायची सवय लागली आहे. संसारात भांड्याला भांडं लागायचंच. ग्लॅडिसच्या पत्त्यावर चोरून लिहिणंही प्रशस्त वाटलं नाही. लग्न झालेल्या बहिणीचं पत्र जावयाच्या नावानं जातं, ही आपल्या घरची रीत. तशीच पाळतो आहे. शिरीषरावांचा गैरसमज नको म्हणून तुझ्या पत्राची झेरॉक्सही जोडली आहे. दोघं शांतपणे बसून वाचा.

हिने मेतकूट मागितलंय. कोणी येणारं असलं तर पाठव.

तुझा,
दादा

———

बुसैतीन
१९ ऑक्टोबर १९८६

श्री. विवेकराव यांस,
शिरीषचा सप्रेम नमस्कार.

पत्र आणि झेरॉक्स, दोन्ही मिळाली. आपल्यासारखा सरळ माणूस नात्यात असणं भाग्याचं. आपलं पत्र मेधाला मोठ्यानं वाचून दाखवलं. नीट ऐकत नव्हती, म्हणून पुन्हा वाचलं.

अमेरिकेबद्दल मात्र आपलं माझं जमायचं नाही. माणसाला विचारणारं कोणीतरी हवंच. मोकळं सोडलं की डोक्यात नाही नाही ते येतं. ग्लॅडिसबाईंचंच बघा. त्यांच्या मॅनेजरला भेटून सगळं कानावर घातलं. नोकरी खलास, व्हिसा खलास. गुरुवारी त्या वसईला गेल्या. त्यांनी मेधाला भेटायचा फार हट्ट धरला, पण तिची तब्येत बरी नव्हती.

परवा ती बाथरूममध्ये घसरली. उजवा हात दोन ठिकाणी मोडला आहे. डॉक्टर म्हणतात, बोटं पूर्वीसारखी वळतीलच असं नाही. तेव्हा काळजी नसावी, तिची खुशाली यापुढे मीच कळवत जाईन. मेतकूट मिळालं की पाठवतो.

वहिनींना नमस्कार. आपला आमच्यावरचा विश्वास असाच राहू द्यावा.

आपला,
शिरीष