शिरगणतीत लिवलेलं नातं

जगदेव भाऊजी,

नमस्कार लिवाले हात वळत नाही, म्हणून तसंच सुरू करून राह्यली.

एक्कावन साली शिरगणतीचा मास्तर घरी आला, तवा तुमचे भाऊ कापूस घेऊन कारंजाले गेले होते. मास्तरानं मले नवऱ्याचं नाव विचारलं. आपल्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. मी पदर ओढला अन् म्हणलं, "आमचे भाऊजी सांगतीन." तुमी माह्यामागं काय सांगितलं? "सोजर, कामाले ठेवलेली बाई. अन् हे तिचं पोरगं." वावरात वाटेकरी नको म्हणून ना?

तीस वर्सं मले पत्ता नव्हता. औंदा माह्या नातीची, त्याच पोराच्या लेकीची, चंद्रकलेची सोयरीक जुळली. पोराच्या बापानं तहसिलीत शिरगणतीचं जुनं रजिस्टर पाह्यलं अन् सोयरीक मोडली.

मी एसटीनं, आमचं लग्न लावणाऱ्या कामरगावच्या जोशीबुवाकडे गेली. त्याच्या लग्नाच्या वहीत आमचं लग्न निघालं, अन् खाली साक्षीदार म्हणून तुमची सही. केवढी वळणदार! पोराच्या बापाले सांगितलं, तं म्हणे, "बाई, सरकारी कागद तेवढा खरा."

चंद्रकला रडत नाही. एकच विचारते, "आजी, तू तवाच नाव काहून नाही घेतलं?" तिले काय सांगू? तुमच्यावर भरोसा होता म्हणून?

हे पत्र तुमाले धाडत नाही, तुमी चुलीत घालान. जोशीबुवाच्या वहीत, तुमच्या सहीच्या पानावर ठेवीन. पुढं कोनी शोधत आलं, तं त्याले माह्या हातानं लिवलेलं तुमच्या भावाचं नाव सापडावं.

दौलतरावाची लग्नाची बायको,
सोजर