विहीणबाई, मी आणि चार दोर

प्रिय ताईस,

धाकट्याचा प्रभूच्या नावात सलाम. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. (आधी पुढे ‘सध्या तरी’ असं लिहिलं होतं, ते खोडलंय. खाडाखोड दिसली तर रागावू नकोस.) तुझा गुडघा अचानक दुखायचा थांबला हे वाचून काळजी वाटली, कारण दुखणं असं मुकाट्यानं जात नसतं. दुसरा गुडघा सांभाळ. भावोजींचा खोकला गेला असेल तर उत्तमच. नसेल गेला तर मी तेव्हाच म्हटलं होतं.

पत्रास कारण की, तू माझ्यापासून एक गोष्ट लपवलीस. तू एकटीच नव्हे, सगळ्यांनी मिळून. गेल्या महिन्यात बाहेरच्या खोलीत उशी उचलली, तर खाली अर्धवट विणलेलं इवलंसं टोपडं. तुझ्या भावजयीला विचारलं, तर म्हणाली, किटलीवर घालायला आहे. आता ताई, किटलीला हनुवटीखाली बांधायच्या नाड्या कशाला लागतात? मी लिफ्ट-तपासनीस माणूस. एकवीस वर्षं लोकांनी झाकून ठेवलेल्या गोष्टी उकरून काढतोय, तेव्हा मला हे असलं सांगू नये. दुसऱ्याच दिवशी दूधवाल्यानं ‘आजोबा होणार म्हणे!’ म्हणून हात पुढे केला आणि उरलासुरला उलगडा झाला. आपल्या पोरीला चौथा महिना लागलाय, आणि ते तिच्या सासरी, तुला, पाळकसाहेबांना आणि दूधवाल्याला ठाऊक आहे. नाही ते फक्त तिच्या बापाला.

मी घरी येऊन आकांडतांडव केलं. ही काही चिडली नाही. शांतपणे म्हणाली, तुम्हाला चांगली बातमी सांगावी तर तुम्ही तिच्यावर विरजण घालता. मग एकेक दाखले काढले. पोर वर्गात पहिली आली तेव्हा मी म्हटलं होतं, आता इथून खालीच यायचं. लग्न ठरलं तेव्हा मी जावयाची रक्ततपासणी मागितली. नवं घर घेतलं तेव्हा भिंतीवर टिचक्या मारत फिरलो. म्हणून पोरीनं आईला शपथ घातलीय की बाबांना मीच सांगेन, जरा धीर आला की. ताई, चौथा महिना लागला, तरी तिला धीर येतोय अजून! मला राग आला असता तर बरं होतं. पण मला फार वाईट वाटलं. आनंदाची बातमी बापाला सांगायला लेकीला धीर गोळा करावा लागतो, म्हणजे तो बाप कसला? ते तिनं आपल्या तोंडानं सांगावं, एवढीच एक गोष्ट मला आता हवी आहे. म्हणून मला काही कळलंय हे मी तिला कळू दिलेलं नाही.

पाळकसाहेबांना जाऊन विचारलं, माझ्यासारख्याला काही इलाज आहे का. ते म्हणाले, खोट काढणं तुमची नोकरी आहे, ती कचेरीत ठेवा. तुम्ही प्रार्थनेचीही तक्रारवही करून टाकलीय. (खरं आहे. माझी प्रार्थना ‘हे होऊ देऊ नकोस’नं सुरू होते आणि ‘तेही होऊ देऊ नकोस’नं संपते.) त्यांनी सांगितलं, येत्या रविवारी उपासनेत आभार मानायच्या वेळी उभे राहा आणि एका तरी गोष्टीबद्दल देवाचे उपकार माना. मी आठवडाभर विचार केला आणि उभा राहिलो. डोळे मिटून मोठ्यानं म्हणालो, ‘हे प्रभू, हे छप्पर आजवर आमच्या डोक्यात पडलं नाही याबद्दल तुझे उपकार, विशेषतः डावीकडच्या तुळईबद्दल, तिला हातभर भेग असूनही.’ अगदी मनापासून म्हटलं गं. डोळे उघडले, तर डावीकडचे बाक रिकामे! सगळी मंडळी उजवीकडे दाटीवाटीनं बसलेली, आणि पाळकसाहेब वर बघत होते. तेव्हापासून कोणी माझ्या बाजूला बसत नाही.

परवा गुरुवारी राहवेना, म्हणून न कळवता पोरीच्या घरी निघालो. ती राहते सहाव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये शिरतोय तोच मागून विहीणबाई आल्या, दोन्ही हातांत पिशव्या. त्या लिफ्टला इतक्या भितात की आत आल्या की डोळे मिटूनच घेतात. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्ट थांबली. विहीणबाईंनी पिशव्या टाकल्या आणि माझी बाही धरली. म्हणाल्या, पडेल का हो?

हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला असता तर मी त्याला काय काय होऊ शकतं ते क्रमवार सांगितलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण बाईंच्या तोंडचा रंग उडाला होता. मी म्हटलं, पडणार नाही. म्हणाल्या, कशावरून? मग सांगत बसलो. ही लिफ्ट तारेच्या चार दोरांवर आहे, आणि तुम्हाआम्हाला पिशव्यांसकट पेलायला त्यातला एक पुरे. चारही तुटले तर खाली जबडे आहेत, ते रुळांना चावा घेऊन धरतात. ब्रेकला धरायला वीज लागत नाही, सोडायला लागते. म्हणजे वीज गेली की तो आपणहून धरतो. विहीणबाई जरा सावरल्या आणि म्हणाल्या, अहो, मग इतकी वर्षं तुम्ही तपासता तरी काय? मी म्हटलं, जे धरून आहे ते अजून धरून आहे ना, तेच.

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. एकवीस वर्षं हजारो लिफ्टा पाहिल्या, माझ्या हातची एकही पडली नाही, आणि एकदाही तोंडातून ‘देवा, तुझे उपकार’ निघालं नाही. बाई म्हणाल्या, प्रार्थना करा. मी सुरू केलं, ‘प्रभू, पहिल्या दोराबद्दल उपकार.’ बाई म्हणाल्या, आमेन. दुसऱ्याबद्दल, आमेन. दोर संपले, तरी मला थांबता येईना. आई गेली तेव्हा तू माझा हात धरून बसलीस, त्याबद्दल. ही अठ्ठावीस वर्षं माझी कटकट ऐकून टिकली, त्याबद्दल. मी नुसती कुरकुर केली तरी, प्रभू, तू मला सोडलं नाहीस, त्याबद्दल. आणि त्या बाळाबद्दल. इथं मी रडलो, ताई. लपवत नाही.

यावेळी आमेन आलं नाही. बाईंनी डोळे उघडले. म्हणजे तुम्हाला कळलंय? मी म्हटलं, छे, मला काहीच माहीत नाही. मला ते पोरीकडूनच कळायचंय.

पाऊण तासानं मेकॅनिक आला. बाईंच्या शालीचं टोक दारात अडकलं होतं. दार केसभर जरी उघडं राहिलं तरी लिफ्ट थांबलीच पाहिजे, असा शेरा गेल्या वर्षी मीच मारला होता, हे त्यानं मला दोनदा वाचून दाखवलं. मी वर न जाता जिन्यानं खाली उतरलो आणि घरी आलो.

उत्तराची घाई नाही असं लिहिणार होतो, पण आहे.

तुझा धाकटा
(कचेरीत : नन्नासाहेब)

ता. क. आत्ताच पोरीचा निरोप आलाय की उद्या उपासनेनंतर दोघं चहाला येताहेत, ‘जरा बोलायचंय’. तुझं उत्तर उद्यापर्यंत पोचणार नाही हे मला कळतं. तरी विचारतो, अशा वेळी चांगली माणसं काय म्हणतात गं? एखादं वाक्य असेल तर कळव.

ता. क. दुसरा. पत्र खिशातच राहिलं. आज रविवार. पोर आली आणि तिनं सांगितलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. हिनं तर कपही खाली ठेवला. मी म्हटलं, ‘प्रभूचे उपकार.’ पोर वाट बघत होती. म्हणाली, आणि? मी म्हटलं, आणि काही नाही. तर ती रडायलाच लागली की! मग नाक पुसत म्हणाली, बाबा, असं नका हो करू, तुम्हीच काही बोलला नाहीत तर पाळणा कोण तपासणार?

तर खरं काम हे : तुझ्या माळ्यावर आपला जुना पाळणा आहे, तो पाठवून दे.

ता. क. तिसरा. पाठवण्याआधी भावोजींना तो दुरुस्त करू देऊ नकोस. ते काम पोरीनं मला सांगितलंय.