मिशीआडचं बोलणं

प्रिय दादा,

यंत्रमागावर कामाला लागले त्या संध्याकाळी माझं डोकं ठणकत होतं, तेव्हा तू म्हणाला होतास, "चार दिवसांत सवय होईल गं." झाली. त्या खडखडाटात आम्ही कुणी आवाज काढून बोलतच नाही. नुसते ओठ हलवायचे, समोरचीनं ते वाचायचे. शेजारच्या मागावरची मावशी नवऱ्याला तशाच शिव्या घालते आणि आम्ही पोट धरून हसतो.

म्हणूनच माझे कान गेलेत हे कुणाला कळलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यंत्रांच्या आवाजानं गेलेत, आता परत यायचे नाहीत."

गेल्या खेपेला तू मान खाली घालून बराच वेळ बोललास. झुपकेदार मिशीखाली तुझे ओठ दिसेनात. काहीतरी गमतीचं सांगतोयस असं समजून मी हसत मान डोलावत राहिले. तू चहा तसाच टाकून उठलास. वहिनीच्या आजाराचं सांगत होतास, हे लेकीनं मला मागाहून सांगितलं. तेव्हापासून तू इकडे फिरकला नाहीस.

लेक म्हणते, "मी सांगते मामाला." मी तिला अडवलंय. ही नोकरी तूच लावून दिलीस, म्हणून जीभ रेटत नाही. हे पत्रसुद्धा टाकवेल असं वाटत नाही.

एकदा ये. उजेडात, माझ्यासमोर बस आणि वहिनी कशी आहे ते पुन्हा सांग. फक्त मिशी काढून ये. लग्नात वहिनीनं एवढा हट्ट धरला तरी तू ती काढली नाहीस, मग माझ्यासाठी कुठला काढतोस!

तुझी,
धाकटी